सोमल चिमटीने मोजायचा नसतो

महोदय,

‘चीनमधल्या जुन्या औषधाने रक्ताचा कर्करोग मुळापासून बरा होतो’ असे संदेश मोबाइलवर फिरतात आणि रुग्णांचे नातेवाईक मोठ्या आशेने ते डॉक्टरांना दाखवतात. ही निव्वळ थाप असती तर सोडून देता आली असती. पण यामागे एक खरी गोष्ट आहे, आणि तिचा जो भाग संदेशातून गळतो त्यावरच रुग्णाचा जीव अवलंबून असतो.

हे औषध म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड, आपला विषारी सोमल. 1970 च्या दशकात ईशान्य चीनमधल्या हार्बिन येथे झांग टिंगडाँग आणि सहकाऱ्यांनी एका गावठी मिश्रणाचे इंजेक्शन वापरून पाहिले. त्यात सोमल, पाऱ्याचा क्षार आणि भेकाचे विष होते. त्यांनी ते मिश्रण तसेच पुजले नाही, त्यातला एकेक घटक वेगळा करून तपासला. पाऱ्याने मूत्रपिंडे बिघडत, भेकाच्या विषाने रक्तदाब चढे. गुण येई तो सोमलाचा, आणि तोही प्रामुख्याने एकाच प्रकारच्या रक्तकर्करोगात: अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे एपीएल.

एकाच प्रकारात का? या आजारात 15 आणि 17 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि एक जोडप्रथिन तयार होते. त्यामुळे पांढऱ्या पेशी कच्च्याच राहतात. सोमल या प्रथिनाच्या एका भागाला चिकटतो, तर ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनवलेले ट्रेटिनॉइन दुसऱ्या भागाला. ट्रेटिनॉइनचा हा उपयोग शांघायच्या वांग झेनयी यांनी दाखवला. निदानाच्या वेळी पांढऱ्या पेशी 10,000 च्या आत असतील, तर या जोडीने नेहमीच्या केमोथेरपीशिवाय दहांतले नऊहून अधिक रुग्ण बरे होऊ शकतात. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने नुसत्या सोमलावरही टिकाऊ गुण येतो हे दाखवले आहे. इतर रक्तकर्करोगांत हे जोडप्रथिन नसते. तिथे सोमलाकडून अशा गुणाची अपेक्षा करू नये.

आता मात्रा. रोज दर किलो वजनाला 0.15 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 9 मिलिग्रॅम. तेही सलाइनमध्ये मिसळून, एक ते दोन तासांत, शिरेतून. चिमूटभर मिठाचे वजन याच्या कित्येक पट भरते. चीनमध्ये मनशीळ (आर्सेनिकचेच एक खनिज) असलेली गोळीही वापरतात, पण ती कारखान्यात प्रमाणित केलेली असते आणि रुग्णालयाच्या देखरेखीखाली दिली जाते. दुकानातून आणलेली मनशीळ किंवा सोमलाची पुडी घेऊन हे साधत नाही.

नीट मोजून दिलेला सोमलही हृदयाचा ताल बिघडवू शकतो. ईसीजीत ‘क्यूटी’ अंतर, म्हणजे ठोक्यागणिक हृदयाची विद्युत हालचाल पुरी व्हायला लागणारा वेळ, लांबते आणि ठोके जीवघेणे अनियमित होऊ शकतात. म्हणून ईसीजी वारंवार काढतात, रक्तातले पोटॅशियम 4 (mEq/L) च्या वर आणि मॅग्नेशियम 1.8 (mg/dL) च्या वर ठेवतात. घरचे लोक नकळत घोळ घालतात तो इथेच. चिनी काढ्यांत ज्येष्ठमध सर्रास असतो, आपल्याकडेही खोकल्यासाठी चघळतात. तो रोज पोटात गेला तर पोटॅशियम उतरते. जुलाबांनीही तेच होते. वर उलटीसाठी ऑनडान्सेट्रॉन किंवा तापासाठी अझिथ्रोमायसिन कुणी आपल्या मनाने दिले, की क्यूटी आणखी लांबते. एकेकट्याने कदाचित निभावेल अशा या गोष्टी एकत्र आल्या की घात होतो.

दुसरा धोका कच्च्या पेशी झपाट्याने पक्व होताना येतो: ताप, धाप, अंगावर सूज, फुप्फुसाभोवती पाणी. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे रुग्णाचे वजन रोज सकाळी करा. ते भराभर वाढू लागले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता वॉर्डात कळवा. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड वेळेवर सुरू झाले तर हा त्रास बहुधा आटोक्यात येतो.

आणि वेळ. एपीएलमध्ये पहिल्या काही दिवसांतला मोठा घातकी रक्तस्राव म्हणजे मेंदूतला. हिरड्यांतून रक्त, अंगावर विनाकारण जांभळे डाग, नाकातून न थांबणारा रक्तस्राव दिसला तर त्याच दिवशी रक्ततपासणी व्हायला हवी. नुसती शंका आली तरी डॉक्टर जनुकीय अहवालाची वाट न पाहता ट्रेटिनॉइन सुरू करतात. तेव्हा ‘आठवडाभर पुडी घेऊन बघू’ म्हणणे परवडत नाही.

काढा, चूर्ण, भस्म, चिनी गोळ्या असे काही रुग्णाच्या पोटात गेलेच असेल, तर लपवू नका. मूळ पाकीट, उरलेली पुडी आणि किती दिवस घेतले तो हिशेब डॉक्टरांसमोर ठेवा. पाकिटावरची अक्षरे वाचता येत नसली तरी ते फेकू नका.

— रक्तविकार विभागातील एक औषधनिर्माता, नाशिक