मुक्तास पत्र: पिवळ्या लाइनवरची दिल्ली

सातारा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोहोचलो. तू दिवसभर कॉलेजच्या कार्यक्रमात होतीस तेव्हा बाबांनी आणि मी दिल्ली पाहून घेतली. पण संध्याकाळी तुला मेसची वेळ गाठायची होती, आम्हाला गाडी. नीट बोलणं झालंच नाही. फोनवर हे सगळं धड सांगता येत नाही, म्हणून पत्र लिहायला घेतलं.

तुझ्या विश्वविद्यालय स्टेशनवरून मेट्रोची पिवळी लाइन पकडली आणि दिवसभर तीच धरून राहिलो. तू राज्यशास्त्र शिकायला गेली आहेस. या एका लाइनवर तुला वर्गाबाहेर किती शिकता येईल, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

आधी उद्योग भवनला उतरून जनपथावरचं राष्ट्रीय संग्रहालय पाहिलं. हे १९४९ साली राष्ट्रपती भवनातच सुरू झालं, आत्ताची इमारत १९६० ची. आत इतकं आहे की सगळं बघू म्हटलं तर काहीच बघून होत नाही. बाबांना नाणी आणि शस्त्रं बघायची होती, मी हडप्पाच्या दालनातून हललेच नाही. मोहेंजोदडोची ती नर्तकी! शाळेच्या पुस्तकातल्या चित्रामुळे मला ती चांगली हातभर वाटायची. प्रत्यक्षात जेमतेम साडेदहा सेंटिमीटर. उजवा हात कमरेवर, त्यात चारच बांगड्या. डाव्या हातात मात्र मनगटापासून खांद्यापर्यंत बांगड्याच बांगड्या. हनुवटी किंचित वर. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचा लेप द्यायचा, तापवून मेण वाहून जाऊ द्यायचं आणि त्या पोकळीत वितळलेलं कासं ओतायचं. साडेचार हजार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी बोटांनी हे केलं, आणि त्या पोरीचा ठसका अजून तसाच आहे. काचेपाशी वाकून बघ, घाई करू नकोस.

ती सापडली १९२६ साली. पुढे देशाची फाळणी झाली तशी मोहेंजोदडोच्या वस्तूंचीही वाटणी झाली. ही मुलगी भारतात राहिली, शाल पांघरलेला तो दाढीवाला पुरोहित-राजा पुढे पाकिस्तानकडे गेला. काही दागिने तर मणी सुटे करून अर्धे-अर्धे वाटले गेले. हजारो वर्षं मातीत एकत्र राहिलेला हार वर आला आणि काही वर्षांतच दोन देशांचा झाला. फाळणी म्हटलं की आपल्याला माणसांचे लोंढे आठवतात. पण एकेक मणी मोजणारी माणसंही असतील, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

त्याच दालनातून बाहेर पडून बुद्धाच्या अस्थी पाहिल्या, पिप्रहवाला सापडलेल्या. तिथे लोक हात जोडून उभे राहतात. संग्रहालय असलं तरी तिथे आवाज आपोआप उतरतो.

मग एक स्टेशन पुढे, लोककल्याण मार्ग. तिथून गांधी स्मृती, म्हणजे पूर्वीचं बिर्ला हाउस. गांधीजींनी शेवटचे १४४ दिवस इथे काढले. बंगला मोठा आहे, पण त्यांच्या खोलीत काय, तर जमिनीवर गादी, बुटकं मेज, काठी. शेवटचं उपोषण त्यांनी इथेच केलं, १३ ते १८ जानेवारी १९४८. दिल्लीतल्या मुसलमानांना सुरक्षित राहता यावं म्हणून. खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंत सिमेंटची पावलं उमटवली आहेत. ३० जानेवारीला, शेवटच्या दिवशी, सरदार पटेलांशी बोलता बोलता प्रार्थनेला उशीर झाला होता, म्हणून ते भरभर निघाले. पाच वाजून सतरा मिनिटांनी पावलं थांबतात. मारेकरी आपल्या पुण्याचा होता, आपलीच भाषा बोलणारा. तिथे उभं राहिल्यावर हे विसरता येत नाही आणि विसरूही नये. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

पटेल चौकात उतरून जंतरमंतर ही जुनी वेधशाळाही पाहिली. जयसिंहाची १७२४ ची ती अवाढव्य यंत्रं बाबांना भयंकर आवडली, मला ऊन सोसेना.

शेवटी सिव्हिल लाइन्सला उतरून ई-रिक्षाने २६, अलीपूर रोडला गेलो. मुक्ता, हे तर तुझ्यापासून दोन स्टेशनांवर आहे. मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर बाबासाहेब इथे राहायला आले आणि ६ डिसेंबर १९५६ ला इथेच गेले. आदल्या रात्री त्यांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ची प्रस्तावना पलंगापाशी मागवून घेतली होती, हात फिरवायला. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. तो जुना बंगला आता नाही. त्या जागी उघडलेल्या पुस्तकाच्या आकाराचं राष्ट्रीय स्मारक उभं आहे, २०१८ मध्ये झालेलं. दादरला चैत्यभूमीवर दरवर्षी लोटणारी गर्दी आपण बघतो. त्या माणसाचा शेवटचा प्रवास या रस्त्यावरून सुरू झाला. संसदेत बायकांना वारसा आणि विवाहाचे हक्क देणाऱ्या हिंदू कोड बिलासाठी झगडून थकलेला, आजारी माणूस इथे बसून रात्र-रात्र लिहीत होता. आज तू घरापासून इतक्या लांब एकटी राहून शिकतेस, यामागे त्यांचे किती कष्ट आहेत ते वर्गात कुणी सांगेलच. पण तू स्वतः जाऊन तिथे थोडा वेळ बस.

मैत्रिणींना लाल किल्ला, इंडिया गेट बघायचं असेलच, तेही जरूर बघ. फक्त सोमवारी निघू नकोस, दिल्लीतली बरीच संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात. येत्या रविवारी अलीपूर रोडला जाऊन ये आणि तुला काय वाटलं ते मला सविस्तर लिही. मेसेज नको, पत्रच पाठव.

तुझी,
आई