आधी एकटीने जा

प्रिय अनू,
प्रभूमध्ये सलाम.

चर्चच्या सभेत काय झालं ते आत्याकडून कळलं. सगळ्यांसमोर तू खजिनदारकाकांना विचारलंस, "बांधकाम फंडाचा हिशेब का लपवला?" विचारायलाच हवं होतं. पण हिशेब मांडला नाही, एवढंच तुला माहीत होतं. "लपवला" ही तुझी भर. ऐकून घेण्याआधी उत्तर देणं याला नीतिसूत्रे १८:१३ सरळ मूर्खपणा म्हणतं.

रागावलो नाही. आईला तर अभिमानच वाटतोय, पैशाचा विषय काढायला आपल्याकडे धजतं कोण! मला काळजी एकच. रविवारी प्रभुभोजन आहे, मनात तेढ ठेवून त्याला बसू नये. त्याआधी जाशील ना त्यांच्याकडे?

तू पौलाचा दाखला देशील, ठाऊक आहे. गलतीकरांस २ मध्ये त्याने पेत्राला चारचौघांत खडसावलं. पण पेत्राने यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवणं सोडलं, ते उघड होतं, आणि पौलाचा सोबती बर्णबासुद्धा पेत्राच्या मागे वाहवत गेला होता. बिघाड सगळ्यांसमोर झाला, म्हणून दुरुस्तीही सगळ्यांसमोर. तुझ्याकडे अजून नुसती शंका आहे. मत्तय १८:१५-१७ मध्ये अपराध झाला असला तरी आधी दोघांतच बोलायचं, मग एक-दोन जणांना सोबत न्यायचं, आणि चर्चची मंडळी सगळ्यात शेवटी. तू शेवटच्या पायरीपासून सुरुवात केलीस.

गेलीस की पहिलं वाक्य माफीचं, आणि तेही फक्त त्या एका शब्दाची. "माफ करा, पण..." असं म्हणू नकोस, त्या "पण"ने माफी पुसली जाते. मग काय पाहिलंस ते सांग, काय हवंय ते सांग: "हिशेब कधीपर्यंत मिळेल?" आणि गप्प बस. ते बोलायला वेळ घेतील, ती शांतता भरून काढू नकोस. "तुम्ही नेहमीच" हे शब्द नकोत. व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो, वाचणारा आपल्या मनातला आवाज त्याला देतो.

आता वेळ. अबीगईलचा नवरा नाबाल प्यालेला होता, म्हणून ती त्या रात्री त्याच्याशी अवाक्षर बोलली नाही. सकाळी नशा उतरल्यावर सगळं सांगितलं (१ शमुवेल २५). पण ती एक रात्र थांबली, महिनाभर नाही. टाळाटाळीला धीर म्हणायची खोड आपल्या घरात सगळ्यांनाच आहे, म्हणून पुन्हा विचारतो, रविवारच्या आधी ना? उपासना सुटल्यावर दारात गाठू नकोस, तिथे लोक हात मिळवायला उभे असतात. आणि राजाने विचारल्यावर उत्तर देण्याआधी नहेम्याने मनातल्या मनात प्रार्थना केली, तेवढा श्वास तूही घे.

प्रवचनच झालं, माफ कर. रविवारच्या शाळेत बायबलची ओवी म्हणताना तू शेवटचा शब्द गिळायचीस, बाई तीनतीनदा म्हणायला लावायच्या. आता तुझा शेवटचा शब्द मागच्या बाकापर्यंत पोचतो. मला ते आवडतं, आणि धास्तीही वाटते.

त्यांनी वह्या दाखवायला नकारच दिला, तर माफी मागितलीस म्हणून प्रश्न सोडू नकोस. मंडळीचा पैसा आहे. दानाची रक्कम नेताना कोणी बोट ठेवू नये म्हणून पौलाने इतर भावांना सोबत घेतलं होतं (२ करिंथ ८). मग दुसऱ्या भेटीला पाळकसाहेबांना घेऊन जा.

आत्या आत्ताच सोबत यायचं म्हणतेय. तिला मी सांगतो. पहिल्या भेटीला नको.

तुझे,
पप्पा