तुझे रात्रीचे दहा, आमचे अडीच

चोपडा, ११ जानेवारी

चि. बापू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मी ठेवला, तू नाही. हे आधी लिहून टाकतो, कारण तुझ्या आईला मी उलटं सांगितलंय. या आठवड्यात लाईट रात्रीची आहे. गव्हाला पाणी लावून मोटारीच्या खोलीत बसलोय. कागद तुझ्याच बारावीच्या वहीतले, मागचे कोरे. ताई उद्या फोटो काढून पाठवेल.

गोदामातल्या कामाचं ऐकून ‘हमाली करायला जर्मनीला पाठवलं का तुला?’ हे मी बोलायला नको होतं. तुझे आजोबा अमळनेरच्या मालधक्क्यावर पोती वाहायचे. आपल्या विहिरीचे पहिले दहा हात त्याच पैशातून खोदले गेले. आणि त्यांचाच मुलगा हमालीला नावं ठेवतो. फोन ठेवल्यावर आजी माझ्याकडे नुसती बघत राहिली. तिचं न बोलणं कसं असतं, तुला माहीत आहे.

तेव्हा कामाबद्दल माझं काही म्हणणं नाही. रात्रीबद्दल आहे. दहा ते चार, आठवड्यातून तीन रात्री. मी हिशेब मांडून पाहिला. तिकडे विद्यार्थ्याला आठवड्याला वीस तासांपर्यंत काम चालतं, तुझे अठरा होतात, म्हणजे तू नियमात बसतोस. जाताना खात्यात अडकवलेल्या ११,९०४ युरोंतून महिन्याला ९९२ सुटतात, त्यात खोलीभाडं, विमा, खाणं कसंबसं भागतं हेही कबूल. पण कर्जाच्या हप्त्याची काळजी म्हणून रात्रपाळी करत असशील तर हप्ता माझा आहे, तुझा नाही. केळीला आज भाव नाही, थंडीने पानं पिवळी पडलीत, पण बाग उभी आहे. असो. रात्रीचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलो होतो.

तुझ्या तिकडच्या गोष्टी आम्ही इथे पुरवून पुरवून वापरतो. रिकामी बाटली मशीनमध्ये टाकली की २५ सेंट परत मिळतात, हे मी पारावर तीनदा सांगितलंय. रविवारी दुकानं बंद, हे आईला पटत नाही. ती म्हणते मग कोथिंबीर कुठून आणायची? वर्गात हजेरी घेत नाहीत, हे मला पटत नाही. तू पाठवलेला केळ्याचा फोटो मात्र सगळ्यांनी मोठा करून करून पाहिला. इक्वेडोरचं स्टिकर, फण्या सगळ्या एका मापाच्या, एकावर डाग नाही. नाना म्हणे, आपलं केळं कंटेनरने आखातात जातं, मग तिथे का नाही? मी म्हटलं, बापू आल्यावर विचारू. तू इंजिनिअरिंग शिकतोयस, केळ्याचा व्यापार नाही, हे लक्षात होतं, तरी म्हटलं.

आणि ते तुझे १.७. मी अभिमानाने सांगायला गेलो तर नाना म्हणाला, ‘दहापैकी का?’ तिथे १ सगळ्यात वरचा आणि ४ च्या पुढे गेला की नापास, हे समजावता समजावता चहा गार झाला. तुझ्या विद्यापीठाला ज्याचं नाव दिलंय त्या गेरिकेची गोष्टही सांगितली. तांब्याचे दोन अर्धगोल जोडले, आतली हवा काढून घेतली आणि दोन्हीकडून घोडे जुंपले तरी ते सुटेनात. नाना म्हणे, ‘घोड्यांचं काय सांगतो, माझी पोळ्याची जोडी लावली असती तर सुटले असते.’ माग्डेबुर्ग हे नाव आता सगळ्या पाराला नीट म्हणता येतं.

पण बापू, एकाच विषयात तीनदा नापास झालं तर घरी पाठवतात, हेही तूच सांगितलं होतंस. पहाटे चारला सुटायचं, आठच्या लेक्चरला बसायचं, त्यात डोकं काय काम करणार? माणसाने झोपेशी उधारी करू नये, ती व्याजासकट... हे बघ, पुन्हा सुरू झालो. तू चोवीस वर्षांचा आहेस. माफ कर.

तू तिसरीत असताना हट्ट करून रात्री माझ्याबरोबर मळ्यात आला होतास, आठवतं? डोक्यावर गोणपाटाची खोळ, हातात माझी बॅटरी. दर वाफ्याला विचारायचास, ‘भाऊ, साप पण जागा असेल का?’ दारं धरेपर्यंत बांधावरच झोपलास. घरी उचलून आणलं तेव्हा तुझे पाय चिखलाचे होते आणि माझ्या सदऱ्यावर ते उमटले. आई सकाळी भांडली माझ्याशी. रात्रीच्या लाईटला तुला परत नेणार नाही असं तिला कबूल केलं होतं. तो शब्द मी पाळला. आता तू तिकडे स्वतःच...

अण्णाचं लिहिणार नव्हतो. तोही म्हणायचा, मला झोप आवरते, सवय आहे. पाणी भरून येत होता, पहाटेचे साडेचार. पुढे ट्रॉली उभी, मागे लाल दिवा नाही. तुझा आवाज फोनवर त्याच्यासारखा येतो, विशेषतः ‘काही नाही होत’ म्हणताना. तू म्हणतोस गोदामापासून खोली सायकलने वीस मिनिटं, आणि रस्त्यावर बर्फ. मला बर्फ माहीत नाही. पहाटेचे साडेचार माहीत आहेत.

तुझे रात्रीचे दहा म्हणजे आमचे अडीच. रात्रीची लाईट असली की तू कामाला लागतोस तेव्हा मी मोटार बघायला उठलेला असतो. आजी पहाटे विचारते, ‘पोऱ्या रातले जपस का नही?’ मी सांगतो, झोपतो. तिच्याशी खोटं बोलायला लावू नकोस.

पाचोऱ्याच्या आत्याकडचा मुलगा वीस तारखेला बर्लिनला निघतोय. त्याच्याबरोबर कळण्याचं पीठ, उडदाचे पापड आणि भरताचा मसाला देतोय. तिळगूळ आईने वेगळा बांधलाय. भाकरी थापताना धूर झाला तर आधी खिडकी उघड, मागच्या वेळी अलार्म वाजून सगळी बिल्डिंग खाली आली होती म्हणे.

खोलीवर पोचलास की मेसेज टाक. नुसता अंगठा टाकलास तरी चालेल.

शेवटचा वाफा भरत आला, उठतो.

तुझा,
भाऊ

ता. क. सायकलला मागचा लाल दिवा आहे ना? चालू आहे ना, ते कळव.