आई-बाबा, बादलीला हात लावत नाहीये

प्रिय आई-बाबा,

आधीच सांगून टाकते, म्हणजे फोनवर आरडाओरडा नको. संडासाचं भांडं आणि फ्लशची टाकी बदलायचं ठरवलंय. सामान घेऊन झालंय, प्लंबर मंगळवारी येतोय. विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, "चालतंय ना, मग कशाला?"

चालतंय, पण कसं ते ऐका. जुनी टाकी दर वेळी १० लिटर ओतते, लघवीला गेलात तरी तेवढंच. दोघांचं मिळून दिवसाला दहा वेळा धरलं तर १०० लिटर झालं. नव्या टाकीला दोन बटणं आहेत, ३ लिटरचं आणि ६ लिटरचं. मोठं बटण दोघांचं एकेकदा, बाकी लहान, की ३६ लिटरांत भागतं. भातसा-तानसा धरणांचं पाणी शहापूरहून आणायचं, पांजरापूर-भांडुपला शुद्ध करायचं, पंप लावून गच्चीवर चढवायचं आणि मग ते संडासात ओतायचं, हे मला पटत नाही.

बाबा, पाणी वाचावं म्हणून टाकीत ठेवलेली तुमची ती वीट मात्र मुकाट्याने काढा. वीट पाण्यात झिजते, तिची रेती वायसरखाली अडकते आणि पाणी रात्रभर भांड्यात झिरपत राहतं. आई म्हणते ना, रात्री टाकी सूं सूं करते, ते हेच. खात्री करायची असेल तर टाकीत शिऱ्यातला केशरी रंग चिमूटभर टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर गळती आहे. नव्या टाकीचीही महिन्यातून एकदा अशी परीक्षा घ्या. संडास स्वच्छ ठेवायच्या त्या निळ्या वड्या टाकीत टाकायच्या नाहीत, काहींत क्लोरीन असतं आणि त्याने रबर कडक होतं.

नुसती टाकी का नाही बदलली, हे विचारणारच. जुन्या भांड्याचा आकार १० लिटरच्या लोंढ्यासाठी केलेला आहे. त्यावर ६ लिटर सोडलं की सगळं वाहून जात नाही, माणूस दोनदा बटण दाबतो आणि वाचलेलं पाणी तिथेच जातं. भिंतीवर लटकणारं भांडं घेतलं नाही, कारण त्याची टाकी बसवायला भिंत फोडावी लागते. आपल्या भांड्याचा पाइप मागच्या भिंतीपासून ९ इंचांवर आहे, नवं भांडंही ९ इंचांचंच घेतलंय. त्यामुळे लाद्या फोडायच्या नाहीत, खालच्या काकूंच्या छताला धक्का नाही. भांडं पक्कं करायला प्लंबरने लादीत भोकं पाडायची म्हटलं तर स्क्रू आखूड ठेवायला आणि भोकात आधी सिलिकॉन भरायला सांगा. लांब स्क्रू थेट वॉटरप्रूफिंगमध्ये घुसतो.

बैठक १७ इंच उंच आहे, बाबांच्या गुडघ्यासाठी. शेजारी धरायला स्टीलचा दांडा लावतोय. तो विटांच्या भिंतीतच बसवायचा, नुसत्या लादीवर ठोकलेला दांडा ऐन वेळी हातात येतो.

तुमची बादली, तांब्या, आईचं लाकडी पाटाचं आसन, सगळं जागच्या जागी राहील. शॉवर मिनिटाला दहाएक लिटर घेतो, बादलीत माणूस पंधरा लिटरांत न्हातो. तेव्हा बादलीच पर्यावरणाची खरी मैत्रीण. (शेवटचा तांब्या डोक्यावर ओतताना बाबा "झालं, झालं" म्हणायचे आणि मी अजून एक मागायचे.) बेसिनच्या नळाला जाळीचा एरेटर बसवतोय, तो धारेत हवा मिसळून पाणी कमी सोडतो. बादलीच्या नळाला मुद्दाम नाही. बादली भरायला लागायचं तेवढंच पाणी लागतं, फक्त वेळ वाढतो आणि तुम्ही मला शिव्या घालता. पावसाळ्यात गढूळ पाणी येऊन एरेटर तुंबला तर हाताने फिरवून काढा, जाळी जुन्या दातब्रशने घासा.

गिझर पहाटे पाचला लावून ठेवायची गरज नाही. १५ लिटरचा, २ किलोवॅटचा आहे. २७ अंशांचं पाणी ५७ अंशांवर जायला सोळा-सतरा मिनिटं लागतात. तेवढ्याच गार पाण्यात मिसळलं की दोघांच्या आंघोळी होतात, फक्त पाठोपाठ करा. थंडीत पाच मिनिटं जास्त, काटकसरीपायी कुडकुडू नका.

आई, आता तुझ्याशी. नळाला पाणी आलं की पिंपातलं कालचं पाणी ओतून देतेस, ते बंद. झाकलेलं पाणी एका दिवसात खराब होत नाही. आठवड्यातून एकदा मात्र पिंप रिकामं करून आतून घासायचं, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात. ते पाणीही कपडे भिजवायला वापर. आणि ॲसिडची बाटली घरातून बाहेर! तुझा खोकला त्यानेच वाढतो, आणि ब्लीचिंग पावडरशी मिसळलं तर विषारी वायू होतो. त्याऐवजी रात्री दोन मोठे चमचे लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) भांड्यात टाकून ठेव, सकाळी ब्रश मार. तेही ब्लीचिंगबरोबर नको आणि खिडकीच्या कडप्प्यावर सांडू देऊ नकोस, दगड पांढरा पडतो.

मंगळवारी सकाळी शेजारच्या वहिनींकडे संडासाची सोय सांगून ठेवलीय, लाजू नका. प्लंबर जाताना अँगल कॉक, म्हणजे टाकीचं पाणी बंद करायचा छोटा नळ, कुठला फिरवायचा ते बाबांनी स्वतः फिरवून बघायचं. भांड्याभोवतीचा पांढरा सिमेंट वाळेपर्यंत, म्हणजे बुधवार सकाळपर्यंत, कोणीही बसायचं नाही. बाबा, हे तुम्हाला.

तुमची,
मनू