जिजाऊंच्या नावाचा करंडक कोल्हापुरात उचलला जावा : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी कोल्हापूरची. काही वर्षं गोलरक्षक म्हणून खेळले, आता रोज संध्याकाळी मुलींना फुटबॉल शिकवते. मागणी सुरुवातीलाच मांडते. वरिष्ठ महिला राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेची अंतिम लढत दर वर्षी 12 जानेवारीला कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर व्हावी, आणि त्यासाठी यजमानपदाचा प्रस्ताव महाराष्ट्र शासनाने अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे पाठवावा.

ज्या करंडकासाठी देशभरातल्या राज्यांचे महिला संघ झुंजतात, त्याला राजमाता जिजाबाईंचं नाव आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या आईवडिलांनाही हे मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. 12 जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी लाखोंनी माणसं जमतात, शाळाशाळांत भाषणं होतात. त्याच नावाचा करंडक दर वेळी कोणत्या तरी राज्याच्या मुली घामाघूम होऊन उचलतात, आणि आपल्याकडे त्याची चार ओळींची बातमी येते. कधी तीही येत नाही.

जून 2023 मधली संध्याकाळ सांगते. अमृतसरला तामिळनाडू आणि हरियाणा यांच्यात फायनल होती. सरावानंतर नऊ मुली माझ्या एका मोबाईलभोवती कोंडाळं करून बसल्या. मध्येच चित्र अडकायचं, मग सगळ्या एकदम ओरडायच्या. तामिळनाडू 2-1 ने जिंकलं. सगळं झाल्यावर आमच्या डाव्या बगलेला खेळणाऱ्या मुलीनं विचारलं, "मॅडम, ही फायनल बघाय कुठं जायचं असतंय?" मला उत्तर देता आलं नाही, कारण या सामन्याला ठरलेलं गावही नाही आणि ठरलेला दिवसही. 2019 ची फायनल सप्टेंबरात अरुणाचलातल्या पासीघाटला झाली, 2021 ची डिसेंबरात कोझिकोडला, 2023 ची जूनमध्ये अमृतसरला. या गावांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी सामने भरवले म्हणून ही स्पर्धा जिवंत आहे. पण ज्याची तारीख कुणाच्या डोक्यात नसते, त्या सामन्यासाठी कोण रजा काढेल आणि कोण पोरांना घेऊन एसटीत बसेल?

त्याच 2023 साली मार्चमध्ये पुरुषांच्या संतोष करंडकाची अंतिम लढत थेट सौदी अरेबियातल्या रियाधच्या भव्य स्टेडियमवर खेळवली गेली. कर्नाटकनं मेघालयला 3-2 ने हरवलं. पुरुषांच्या सामन्याला तो मान मिळाला याचा मला आनंदच आहे. मनात आणलं तर एका राष्ट्रीय फायनलसाठी समुद्रापारची व्यवस्थासुद्धा होते, हे त्यातून दिसलं. संतोष करंडक 1941 पासून आहे. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा महासंघाच्या छत्राखाली सुरू झाली 1991 मध्ये. पन्नास वर्षांची ती पिछाडी भरून काढायची तर फायनल दिसली पाहिजे.

दिसण्यानं काय होतं, हे इंग्लंडच्या उदाहरणावरून कळतं. 26 डिसेंबर 1920 ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांचा सामना बघायला 53 हजार लोक आले होते. पुढच्याच डिसेंबरात तिथल्या फुटबॉल असोसिएशननं आपल्या क्लबांची मैदानं महिलांना बंद केली. खेळू नका असा कायदा कुणी केला नव्हता, मैदान तेवढं काढून घेतलं. एवढ्यानं खेळ पन्नास वर्षं मागं गेला. पुढे बंदी उठली, महिलांची एफए कप स्पर्धा सुरू झाली, तरी तिची फायनल या शहरातून त्या शहरात फिरत राहिली. 2015 मध्ये ती लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर आली आणि तिथंच थांबली. पहिल्या वर्षी 30,710 प्रेक्षक होते. 2023 मध्ये 77,390. या आठ वर्षांत इतरही पुष्कळ काही बदललं, मान्य आहे. पण फायनल म्हणजे वेम्बली, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं, आणि माणसं येत राहिली.

आता आपलं. तुम्ही म्हणाल, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम आहेच की. खरंच आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये महिला आशियाई करंडकाच्या फायनलमध्ये दोन गोलांनी मागं पडलेल्या चीननं दक्षिण कोरियाला 3-2 ने हरवलं, ते तिथंच. त्याच वर्षी ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची फायनल तिथं झाली. आणि 2 नोव्हेंबर 2025 ला आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तोही तिथंच. त्या रात्री आमच्या शेजारच्या सांगलीच्या स्मृती मानधनाला करंडकासोबत बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लपवत नाही. ते मैदान थोर आहे. पण एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये पाच हजार प्रेक्षक आले तरी ते रिकामंच वाटतं. आमच्याकडे तेवढेच लोक पायऱ्यांवर बसले की कानठळ्या बसतात.

कोल्हापूरचा फुटबॉल तुम्हाला माहीत असेलच. पेठापेठांतल्या तालमींचे संघ, पाटाकडील आणि खंडोबा समोरासमोर आले की दुकानं लवकर बंद करून स्टेडियमकडे निघणारी माणसं, थ्रो-इन चुकला तर पंचाच्या आधी ओरडणारे सत्तरीतले आजोबा. या गावाला खेळ कळतो. पास तिरका गेला की पायऱ्यांवरून हळहळ ऐकू येते. मुलींनाही तो कळतो, आमच्या गावाच्या नावाचा महिला संघ इंडियन विमेन्स लीग या देशातल्या महिला क्लबांच्या स्पर्धेत खेळून आला आहे. गडहिंग्लजला फुटबॉलची जुनी परंपरा आहे, तिथल्या पोरी दोन तासांत स्टेडियमवर पोचतील.

मणिपूरनं हा करंडक वीसहून अधिक वेळा जिंकला, तो कसा, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तिथं होळीच्या सुमारास येणाऱ्या याओसांगच्या सणात वस्तीवस्तीत मैदानी सामने होतात, आणि बाया-पोरी आपल्या माणसांसमोर खेळतात. भारताच्या माजी कर्णधार ओइनम बेमबेम देवी याच मणिपूरच्या, 2020 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुलगी मैदानावर उतरली की गावानं बघायला यायचं असतं, ही सवय तिथं आहे. कोल्हापुरात ती मुलग्यांसाठी आहे. मुलींसाठी ती लावायची आहे, आणि त्यासाठी देशातला सगळ्यात मोठा सामना आमच्या डोळ्यांसमोर हवा.

अडचणी मी झाकून ठेवणार नाही. आमच्या स्टेडियमवर समर्थकांची हुल्लडबाजी होते, शिवीगाळ होते, सामने थांबवावे लागले आहेत. पायऱ्यांवर बायका फार थोड्या दिसतात आणि त्याचं कारण सगळ्यांना माहीत आहे. म्हणून प्रस्तावात काही गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. प्रेक्षागृहाचा एक पूर्ण भाग बायका आणि मुलींसाठी, तिथं महिला पोलीस, आणि स्वच्छ, पाणी असलेली, कडी लागणारी स्वच्छतागृहं. दोन्ही संघांना कपडे बदलायला बंद खोल्या. हे शेवटचं मुद्दाम लिहिते आहे. आम्ही एकदा परगावी स्पर्धेला गेलो होतो, तेव्हा शाळेच्या वर्गाच्या खिडक्यांना चादरी बांधून कपडे बदलले. दोघी जणी चादर धरून उभ्या राहायच्या, बाकीच्या बदलायच्या, मग अदलाबदल करायची. मला तेव्हा पाळी आली होती आणि नळाला पाणी नव्हतं. सामना आम्ही हरलो, तो गोल माझ्या हातातून सुटला होता. त्यानंतर आमच्यातल्या तिघींनी खेळ सोडला.

12 जानेवारी जयंतीसाठी तर आहेच, सोयीसाठीही आहे. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, त्याआधी स्पर्धा उरकली तर सतरा-अठरा वर्षांच्या मुलींना पेपर आणि जर्सी यांतून एक निवडावं लागणार नाही. हवा थंड असते. दुपारी तीनला शिट्टी वाजली तर जादा वेळ आणि टायब्रेकर होऊनही उजेडात निकाल लागतो, प्रकाशझोतांचा खर्च नको. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहेच. त्या दिवशी कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातल्या शाळांच्या मुलींच्या संघांना तेही माफ करावं. मैदानासाठी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनशी बोलावं लागेल आणि राज्य संघटना म्हणून वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनला सोबत घ्यावं लागेल. दूरदर्शन सह्याद्रीवर सामना थेट दाखवता येईल, मराठी समालोचनासह.

महाराष्ट्रात खेळाडूंना शासकीय नोकऱ्यांत 5 टक्के आरक्षण आहे. त्याचं फळ फुटबॉलमधल्या किती मुलींच्या पदरात पडलं, हा आकडाही आपल्या खात्यानं एकदा जाहीर करावा. रेल्वेचा महिला संघ पुन्हा पुन्हा फायनलला पोचतो. तिथं मुलींना पगार आहे.

येत्या हंगामाचं वेळापत्रक ठरण्याआधी हा प्रस्ताव दिल्लीला गेला पाहिजे. आपण हो म्हणालात तर चेंडू आणून देणाऱ्या मुली माझ्या. अशा सामन्याला साधारण बारा जणी लागतात. माझ्याकडे एकोणीस आहेत, आणि कोणत्या सात जणींना पायऱ्यांवर बसवायचं यावरून त्यांची आत्तापासूनच भांडणं सुरू झाली आहेत.

आपली नम्र,
एक माजी गोलरक्षक, कोल्हापूर