ॲशट्रेमागचा दोन बोटं शेवाळी रंग

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

ट्रक न्यायला आले त्या दिवशी तुमचे नीट आभार मानायचे राहून गेले. किल्ली घेतली, केबिनमध्ये चढले आणि घसा असा दाटून आला की "येते काका" एवढंच तोंडातून निघालं. तुम्ही हात पुसत फाटकापर्यंत आलात आणि मागचं चाक खड्ड्यातून बाहेर पडेपर्यंत तिथेच उभे राहिलात. त्याला बरेच दिवस झाले, पण अजूनही दार उघडून आत पाहिलं की घशाशी तेच येतं. म्हणून हे पत्र. चारचौघांत लिहितेय, कारण तुमचं काम केबिन आतून रंगवायचं, आतल्या बाजूचं. रस्त्यावरून ट्रक पाहणाऱ्याला ते दिसायचं नाही.

ट्रक बाबांचा. बाहेरून साधा पांढरा, पण आतून अख्खी केबिन शेवाळी होती. डॅशबोर्ड, दारांची पॅनल, काचेशेजारच्या खांबांची आवरणं, सनव्हायझर, सीटचं रेक्झिन, सगळं त्याच एका रंगात. हल्ली गाडी आतून बहुतेक वेळा काळी नाहीतर राखाडी असते. तेव्हा रंग लावायला कोणी भीत नव्हतं. लहानपणी त्या केबिनमध्ये बसलं की विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं गार वाटायचं.

उन्हाने तो रंग खाल्ला. डॅशबोर्डचा वरचा भाग पांढुरका पडला, बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी हाताला लागायची. खांबांची आवरणं पिवळी पडली. रेक्झिन कडक होऊन शिवणीपाशी चिरलं. बाबा दर आठवड्याला पुढची काच आतून पुसायचे, आणि तरी तिच्यावर पुन्हा चिकट, धुरकट थर यायचा. आम्ही काचेलाच दोष देत आलो. तुम्ही सांगितलंत, रेक्झिन मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घातलेलं असतं ते उन्हाने हळूहळू उडतं आणि काचेवर जाऊन बसतं. "तुमचे बाबा इतकी वर्षं काचेवरून डॅशबोर्डच पुसत होते," असं म्हणालात. हे मी घरी जाऊन बाबांना सांगितलं. ते कितीतरी वेळ गप्प होते.

तुमच्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी जाऊन आले होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. दोन्ही ठिकाणची घाण तुम्हालाच काढावी लागली. तरी आज बोलते, कारण राग अजून गेलेला नाही.

पहिल्या ठिकाणी "ताई, त्यात काय एवढं" असं म्हणत, वर्षानुवर्षं चोळलेलं चकचकीत पॉलिश न धुताच त्यावर रंग मारला. त्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं, आणि सिलिकॉनवर रंग बसत नाही, बाजूला सरकतो, हे रंगाचं काम करणाऱ्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही. माहीत असून केलं. डॅशबोर्डभर देवीच्या व्रणांसारखे गोल खळगे पडले, आणि पायापाशी जिथे बूट घासतो तिथला रंग महिन्याभरात कातीसारखा सोलून आला.

दुसऱ्या ठिकाणी तर "सोबत कोणी आहे का, त्यांच्याशी बोलतो" इथूनच सुरुवात झाली. ट्यूबलाइटखाली जुळवलेला रंग उन्हात आणल्यावर पोपटी दिसायला लागला. वर तो गुळगुळीत, चकचकीत. कंपनीने डॅशबोर्डला मंद रंग दिलेला असतो तो काचेत प्रतिबिंब पडू नये म्हणून. यांच्या कामानंतर दुपारी ट्रक चालवताना समोरचा रस्ता आणि डॅशबोर्ड एकावर एक दिसायचे. एकदा वळणावर सायकलवाला मला शेवटच्या क्षणी दिसला. आवरणांच्या क्लिपा काढताना त्यांनी मोडल्या, त्या बदल्यात आवरणांच्या दर्शनी बाजूलाच आरपार स्क्रू ठोकले. मी विचारलं तर म्हणाले, "आतलं कोण बघतंय?"

मी बघते. बाबा बघत होते. जो चालवतो तो दिवसभर आतलंच बघत असतो.

तुमच्याकडे आले तेव्हा मन आधीच तयार होतं, अजून एकदा फसायला. तुम्ही ट्रकभोवती एक चक्कर मारलीत, आत डोकावलात आणि काहीच बोलला नाहीत. मग पायापाशी मोडलेल्या पॅनलचा एक टवका उचललात, खांबाच्या आवरणाचा एक टवका घेतलात, आणि दोन्ही पाण्याच्या मगात टाकलेत. एक तरंगला, एक बुडाला. मगाकडे बोट दाखवून म्हणालात, "तरंगला तो पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तो एबीएस. दोन वेगळी प्लास्टिकं. दोघांना एकच औषध चालत नाही. तरंगणाऱ्याला आधी पकड देणारा वेगळा हात मारावा लागतो, नाहीतर रंग त्याच्यावर नुसता पडून राहतो."

नंतर उत्सुकतेने वाचलं. इटलीत जुलिओ नाट्टा यांनी १९५४ साली हे पॉलिप्रॉपिलीन तयार केलं, आणि १९६३ साली त्यांना आणि कार्ल झीगलर यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. इतक्या मोठ्या शोधातून आलेला पदार्थ माझ्या बुटाखाली होता. दोन्ही ठिकाणच्या लोकांनी त्याला साधी विचारपूसही केली नव्हती. तुमच्या पाण्याच्या मगाने ती केली.

पण रंग नेमका कोणता, हा प्रश्न राहिलाच होता. मूळ शेवाळी कुठे उरलाच नव्हता. जिथे ऊन पोचलं नव्हतं तिथे त्या दुसऱ्या लोकांचा पोपटी पोचला होता, अगदी सनव्हायझरच्या मागेसुद्धा. फोटोत रंग बदललेला, बाबांच्या आणि माझ्या आठवणीतला शेवाळी वेगवेगळा. तुम्ही दोन स्क्रू काढून डॅशबोर्डमधला ॲशट्रे बाहेर ओढलात. त्याच्या कडेला, पत्र्याची पट्टी जिथे घट्ट दाबून बसते, तिथे दोन बोटं रुंद जागा होती. तुम्ही ती ओल्या फडक्याने पुसलीत आणि बाजूला सरकलात, मला दिसावं म्हणून.

काका, तो रंग मी किती वर्षांनी पाहिला, कसं सांगू. माझ्या आठवणीपेक्षा तो गडद होता. थोडा निळसर.

पुढच्या दिवसांचं सगळं सांगत बसत नाही. ते धुणं, पुन्हा धुणं, जुना रंग उतरवणं. स्क्रूची भोकं बुजवायला एबीएसचेच तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेला तो लगदा. पॅनलवरची चामड्यासारखी नक्षी बुजू नये म्हणून एका जाड हाताऐवजी मारलेले ते धुक्यासारखे पातळ हात. ते तुमचं शास्त्र आहे, मी त्यात पडत नाही. एवढंच सांगते की रंगवलेला नमुना त्या दोन बोटांशेजारी धरून तुम्ही सकाळच्या उन्हात पाहिलात, दुपारी सावलीत पाहिलात आणि रात्री केबिनमधला दिवा लावून पाहिलात. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "काका, जुळलाय की." तुम्ही म्हणालात, "दिव्याखाली नाही जुळला." आणि पुन्हा मिसळायला बसलात.

पण मला ज्यासाठी लिहायला बसावं लागलं ते वेगळंच आहे.

काम संपत आलं होतं. ॲशट्रे परत बसवायच्या आधी मी आत डोकावले तर त्याच्यामागची ती दोन बोटं जुनी रंगाची जागा तशीच होती. तिच्यावर मास्किंग टेपचा तुकडा, कडा नखाने नीट दाबलेल्या, आणि सभोवार नवा रंग. मला वाटलं विसरलात. म्हटलं, "काका, इथे राहिलं."

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, "राहिलं नाही ताई, ठेवलंय. माझाही रंग कधीतरी उडेल. तेव्हा जो कोणी करायला बसेल त्याला मूळ रंग बघायला कुठेतरी नको का?"

मग टेप हळूच काढलात, ॲशट्रे आत सरकवलात आणि दोन्ही स्क्रू पिळलेत. झालं. तुमच्या दृष्टीने ते बोलणं तिथेच संपलं असेल.

माझ्या मनातून ते जात नाही. तो पुढचा माणूस कोण, कुठला, तुम्हाला माहीत नाही. तो तुमचं नाव घेणार नाही. कदाचित तुमच्या कामाला नावंच ठेवील. त्याच्यासाठी तुम्ही दोन बोटं जागा राखलीत, जशी गाडीत न आलेल्या माणसासाठी कोणी रुमाल टाकून ठेवतं. आणि इकडे, समोर उभी असलेली मी त्या आधीच्या लोकांना दिसलेही नव्हते.

चांगुलपणा म्हणजे काहीतरी मोठं, सोसून केलेलं असं मला वाटत असे. आता वाटतं की तो बराचसा अशाच जागी असतो, स्क्रू पिळल्यावर जी दिसेनाशी होते. घरी शिवण उसवली तर आई मागच्या बाजूनेही टाका सरळ घालायची, मी हसायचे तिला. पाणवठ्यावरचा रहाट वापरून झाल्यावर दोर गुंडाळून ठेवणारी माणसं असतात. नकाशावर चुकीची वाट खोडून बरोबर वाट लिहून ठेवणारी असतात. त्यांची आणि तुमची ओळख नसेल, पण माझ्या डोक्यात तुम्ही सगळे एका रांगेत बसता.

बाबांना परवा केबिनमध्ये बसवलं. आता त्यांना पायरी चढायला दोघं लागतात. बसले, उजवा हात न बघता दाराच्या आर्मरेस्टवर गेला, डावा स्टिअरिंगवर. डॅशबोर्डकडे पाहिलं, मग काचेकडे. काचेत काही दिसत नव्हतं, फक्त समोरचं झाड. मी विचारलं, "रंग तोच आहे ना?" ते म्हणाले, "रंगाचं काय विचारतेस, गाडी तीच आहे." मग खिशातून रुमाल काढून सवयीने काच पुसली.

एक गोष्ट तुम्हाला न विचारता केली आहे, तेवढी कबूल करते. गेल्या रविवारी मी ते दोन स्क्रू काढले आणि ॲशट्रे बाहेर घेतला. तुमच्या रंगाला कुठे हात लावलेला नाही. ॲशट्रेच्या पत्र्यावर, मागच्या बाजूला, बारीक अक्षरात तुमचं नाव आणि कामाची तारीख लिहिली. तुम्ही सांगितलेलं मिश्रणाचं प्रमाण कागदावर उतरवून घेतलं होतं, त्या कागदाची घडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून मागे सरकवली. पुढच्या माणसाला रंग तर सापडेलच, तो कोणी राखला तेही कळू दे. रागावू नका.

तब्येतीला जपा. रंग मारताना मास्क लावत जा, तुम्ही तो नेहमी गळ्यातच ठेवता.

तुमची,
शेवाळी ट्रकवाली ताई