पावसाची तारीख विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही, ही तुमची अट पाळली आहे. पण आभार खासगीत मानून भागणार नव्हतं. हवामानाचं संशोधन करणं आणि ते लोकांच्या भाषेत मांडणं, या दोन्ही कामांच्या फेलोशिपवर मराठवाड्यात येणाऱ्या पोरापोरींना संगणकावर आज्ञावली लिहायला शिकवणारे भेटतात, शोधनिबंध तपासून देणारेही भेटतात. पावसाचा आकडा पर्जन्यमापकाच्या कोणत्या बाटलीतून आला हे विचारणारं माणूस मात्र विरळाच. तुम्ही सगळी नोकरी सकाळी साडेआठला पर्जन्यमापकापुढे वाकण्यात घालवली आणि निवृत्तीनंतर ती वही आमच्यापुढे उघडली. त्या वहीतलं काही इथे उतरवतो, म्हणजे पुढच्या तुकडीला ते आयतं मिळेल.

पहिला धडा तारखेचा. पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात आणि मागच्या 24 तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर घालतात. म्हणजे 13 तारखेला संध्याकाळी कोसळलेला पाऊस 14 च्या रकान्यात बसतो. गावाला तो 13 चा म्हणूनच आठवतो. उपग्रहावरून काढलेल्या, नासाच्या आयमर्ग या नोंदसंचाच्या दैनिक पावसातही तो 13 लाच सापडतो, कारण तिथला दिवस आपल्या पहाटे साडेपाचपासून दुसऱ्या पहाटे साडेपाचपर्यंत धरतात. आपल्याकडचा वळीव आणि परतीचा पाऊस बहुधा दुपार कलल्यावरच येतो, त्यामुळे ही चूक कधीमधी होणारी राहत नाही, पावसामागून पाऊस तीच होते. मापकाची आणि उपग्रहाची अशा दोन्ही मालिका शेजारी ठेवून सहसंबंध, म्हणजे त्या किती जोडीने चढतात-उतरतात याचं माप, काढला की तो अगदीच किरकोळ निघतो आणि नवखा माणूस उपग्रहाला नावं ठेवून मोकळा होतो. तुमचा उपाय दहा मिनिटांचा आहे: एक मालिका आहे तशी, मग एक दिवस पुढे, मग एक दिवस मागे सरकवून तिन्ही सहसंबंध काढायचे. सरकवल्यावर तो एकदम वाढला, तर घोळ तारखेच्या रीतीत आहे. अहवालात "14 सप्टेंबरला पडलेला पाऊस" असं न लिहिता "14 सप्टेंबरला सकाळी साडेआठपर्यंतच्या 24 तासांतला पाऊस" असं लिहायचं. वाक्य लांबतं, पण पंचनाम्याच्या वेळी त्यावरून भांडण होत नाही.

मग मोजपात्र. पर्जन्यमापकाचं तोंड 200 चौरस सेंटिमीटरचं असेल तर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 20 मिलिलिटर पाणी, 100 चं असेल तर 10. काचेचं पात्र फुटतं, दुसरीकडून आणलं जातं, आणि त्यावरच्या रेघा कोणत्या तोंडासाठी आखल्या आहेत हे कुणी बघत नाही. 200 च्या मापकाला 100 चं पात्र लागलं की पाऊस नेमका दुप्पट, उलट झालं की नेमका निम्मा. आजूबाजूच्या चार-पाच केंद्रांच्या सरासरी पावसाची बेरीज आडव्या अक्षावर आणि या केंद्राची उभ्या अक्षावर चढवत नेली, तर पात्र बदललं त्या तारखेला रेघेचा उतार मोडतो. ही दुहेरी संचयी आलेखाची पद्धत पुस्तकात असते. उतार मोडला की आधी पात्राची चौकशी करायची, हे पुस्तकात नसतं.

फुटलेल्या काचेपेक्षा कडुलिंब वाईट, असं तुम्ही म्हणता आणि ते खरं आहे. मापकापासून झाड किंवा भिंत तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवी. 3 मीटरचं रोप 8 मीटरवर असेल तर नियमात बसतं. तेच पंधरा वर्षांत 9 मीटरचं झालं की वाऱ्यासोबत तिरपा येणारा पाऊस अडवतं. आलेखात उतार कुठेच मोडत नाही, पाऊस वर्षागणिक हळूहळू घटत गेलेला दिसतो. हवामान बदल शोधायला आलेल्या माणसाला नेमकी अशीच रेघ हवी असते! म्हणून घसरण दिसली की आधी केंद्रावर जाऊन चारी दिशांचे फोटो काढायचे, मापकाचा काठ जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर आणि समतल आहे का ते पाणसळीने बघायचं, आणि त्यानंतरच तापमानवाढीचं नाव काढायचं.

एका बाबतीत आमचं तुमच्याशी अजून जमलेलं नाही. महसूल मंडळा-मंडळात उभ्या राहिलेल्या स्वयंचलित केंद्रांवर तुमचा विश्वास नाही. तुमची कारणं पटतात. पाऊस मोजणारी आतली इवलीशी वाटी दर 0.2 किंवा 0.5 मिलिमीटरला कलंडते, धो धो पावसात कलंडता कलंडता काही पाणी मोजणीतून निसटतं, आणि फनेलमध्ये पक्ष्यांची विष्ठा नाहीतर कोळ्याचं जाळं अडकलं की पाणी तुंबून ठिबकत राहतं. मग पाऊस थांबल्यावरही तासन् तास एकाच चालीची बारीक नोंद येत जाते, आणि ती तशी आली की फनेल तुंबलं असं समजायचं. पण बाटली 24 तासांची बेरीजच देते. पाऊस कोणत्या तासाला किती पडला हे हवं असेल तर वाटीशिवाय इलाज नाही. ढगफुटीचंच घ्या. साधारण 20 ते 30 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात तासाला 100 मिलिमीटर, अशी तिची व्याख्या आहे. बाटलीत सकाळी 140 मिलिमीटर निघाले एवढ्यावरून ढगफुटी झाली असं छापता येत नाही आणि झाली नाही असंही म्हणता येत नाही. दोन्ही यंत्रं शेजारी असावीत, एवढं तरी मान्य करा.

संगणकावर बसणाऱ्यांसाठी तुम्ही सांगितलेली एकच गोष्ट: रिकाम्या जागेची खूण ओळखा. भारतीय हवामान विभाग नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकाचा पाऊस देतो, त्या चौकोनवार पावसात नोंद नसलेल्या जागी उणे 999 असतं, तापमानाच्या फाइलमध्ये 99.9. ती खूण वगळायची राहिली की पावसाची सरासरी शून्याखाली जाते, ते लगेच लक्षात येतं. तापमानाची चूक मात्र लपते, कारण शंभरातले दोन दिवस 99.9 असले तर सरासरी दीड-एक अंशाने वर सरकते आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते कुणालाही खरंच वाटतं. आणि तो चौकोन 0.25 अंशांचा, म्हणजे आपल्याकडे अंदाजे 28 बाय 26 किलोमीटरचा. त्यात कित्येक गावं बसतात, आणि मधे केंद्र नसेल तर आजूबाजूच्या केंद्रांवरून अंदाज भरलेला असतो. अशा चौकोनावरून एका गावचा पाऊस सांगायचा नाही.

विहिरीबद्दल थोडक्यात. कठड्यावर रंगाने खूण करायची, दर वेळी त्याच खुणेवरून टेप सोडायचा, कठड्याची उंची वजा करायची. आणि टेप सोडायच्या आधी "लाईट कधी आली होती?" हा प्रश्न. काळ्या खडकातली विहीर उपशानंतर सावकाश भरते. मोटार बंद होऊन तासभर झाला असताना घेतलेलं माप भूजलाचं नसतं, मोटारीचं असतं.

यंत्रांचं एवढं, पण सर्वांत जास्त ऋण शब्दांचं आहे. "हवामान बदल" हा शब्द तुम्ही पहिल्याच दिवशी खोडला होता. आपल्या बोलण्यात हवामान म्हणजे आजची हवाही आणि तीस वर्षांची सरासरीही. त्यामुळे पारावर हा शब्द काढला की "हवामान तर रोजच बदलतं" असं उत्तर येतं, आणि ते चुकीचं नसतं. तुमचा पर्याय: "आजोबांच्या वेळचा पाऊस आणि आताचा पाऊस." मग पाऊस किती, खंड किती दिवसांचे, झड किती वेळा, वळीव कधी, असं एकेक विचारायचं. झड आणि भीज पाऊस हे शब्द शेतकऱ्याच्या तोंडी असताना "कमी तीव्रतेचा सलग पाऊस" लिहिणाऱ्याला तुम्ही जो लूक देता, तो फेलोशिपच्या प्रशिक्षणात घ्यायला हवा.

"सरासरी" या शब्दावर तर तुम्ही वेगळी दोन पानं लिहिली आहेत. विभाग किंवा जिल्ह्याच्या पावसात उणे 19 टक्क्यांपासून अधिक 19 टक्क्यांपर्यंत सगळं "सरासरीइतकं" गणलं जातं. उणे 19 ला सगळं ठीक आणि उणे 20 ला तूट, म्हणून शब्दासोबत आकडा द्यायचाच. सरासरी कोणत्या वर्षांची तेही सांगायचं. देशाच्या मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी 1961 ते 2010 वर धरली तर 880.6 मिलिमीटर होती, 1971 ते 2020 वर ती 868.6 झाली. 860 मिलिमीटर पाऊस जुन्या मापाने साडेसत्त्याण्णव टक्क्यांच्या आसपास भरतो, नव्याने 99. ढगातून थेंबही जास्त पडलेला नसतो. आणि हंगामाची बेरीज चांगली असली तरी पीक चांगलं असेल असं नाही. 2023 चा ऑगस्ट देशभरात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन फुलात आणि शेंगात असताना पडलेला खंड सप्टेंबरच्या पावसाने भरून येत नाही, बेरीज मात्र भरून येते.

पेरणीचा निरोप लिहिताना 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, एवढ्यावर थांबायचं नाही. दोन तासांत पडलेले 80 आणि चार दिवसांच्या झडीतले 80 नोंदीत सारखेच दिसतात. म्हणून पुढचं वाक्य तुमचं: खुरप्याने उकरा, ओल वीतभर गेली आहे का बघा, वापसा, म्हणजे चिखल ओसरून पेरण्याजोगी ओल, येऊ द्या. अंदाजातलं "तुरळक ठिकाणी" म्हणजे विभागातल्या केंद्रांपैकी 25 टक्क्यांपर्यंत, "काही ठिकाणी" म्हणजे 26 ते 50. हे अर्थ निरोपात एकदा तरी उलगडून द्यायचे. 60 टक्के शक्यता सांगायची तर "अशा दहा दिवसांपैकी सहा दिवस पाऊस येतो, चार दिवस हुलकावणी देतो" असं. आणि 65 मिलिमीटरची अतिवृष्टी महसूल मंडळाच्या नोंदीवर ठरते, बांधावरच्या पाण्यावर ठरत नाही, हे कडू असलं तरी स्पष्ट सांगायचं.

पूर आला की विचारणा होते, हे तापमानवाढीमुळेच ना? हवा 1 अंशाने तापली की ती साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, इथपर्यंत ठामपणे सांगता येतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या 2017 च्या अभ्यासात 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात विस्तृत भागावर पडणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीने वाढल्याचं दिसलं, हेही सांगता येतं. पण तो आकडा उचलून सिंदफणेच्या किंवा मांजरेच्या एका पुरावर चिकटवायचा नाही, यावर तुम्ही अडून बसता. बातमी मिळमिळीत होते, अशी तक्रार होते. होऊ दे.

नोंदवहीच्या चार वर्षांच्या पानांचे फोटो काढून झाले आहेत. शाई उडालेल्या जागी आम्ही अंदाजाने आकडा घातलेला नाही, रकाना रिकामा ठेवला आहे. ती पानं एकदा तुमच्या नजरेखालून जायला हवीत. आणि केंद्रावरच्या कडुलिंबाची पश्चिमेकडची फांदी मृगाआधी छाटायची आहे. परवानगीचा अर्ज दिला आहे. शिडी आणि करवत आम्ही आणतो, कुठपर्यंत छाटायचं ते तुम्ही खालून सांगा.

आपले,
फेलोशिपच्या या तुकडीतले सर्वजण